पसंतीक्रम कुणाचा भरायचा?

नीटचा निकाल लागला की आपल्याकडे घरोघरी वैद्यकीय शिक्षणाचे जाणकार तयार होतात. गेल्या महिन्यात या सदराकडे आलेल्या पत्रांत मुलांची थोडी, पालकांची त्याहून जास्त आणि मामा-काकांची सगळ्यात जास्त. मी ३१ वर्षं सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत जनऔषधवैद्यकशास्त्र, म्हणजे समाजाच्या आरोग्याचा विषय, शिकवलं, चार बदल्या झेलल्या, तरी या दिवसांत कुठलं कॉलेज 'टॉप' आहे हे मला माझी भावजय फोनवर समजावून सांगते. मी ऐकून घेते. प्रवेशाच्या फॉर्मवर कॉलेजांचा पसंतीक्रम कसा लावायचा, यावरची तीन पत्रं या वेळी घेतली आहेत. पहिल्यालाच बरीच जागा जाणार, बाकीच्यांनी राग मानू नये.

प्रश्न : डॉक्टर मॅडम, मी जिंतूर तालुक्यातली. लातूरला राहून बारावी आणि नीट केली. ओबीसी प्रवर्ग, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत. क्लासचे सर म्हणतात, सरकारी कॉलेज मिळेल, पण मुंबई-पुण्याचं जुनं मिळणं अवघड. सरांनी आम्हा सगळ्यांना एकच छापील यादी दिली आहे, ती तशीच भरा म्हणतात. बाबा म्हणतात छत्रपती संभाजीनगर वर टाक, तिथे आत्या आहे. काका म्हणतात नवीन सरकारीपेक्षा पुण्याचं खासगी बरं. आईला परभणी हवंय, घराजवळ म्हणून. मला मनातून केईएम लिहायचंय, पण मैत्रीण म्हणते, न मिळणारं कॉलेज वर लिहिलं की एक पसंती वाया जाते आणि खालचीही हातची जातात. आंबेजोगाई, नांदेड, परभणी यांचा क्रम कसा लावू? चारच दिवस उरलेत.
— एक विद्यार्थिनी, जि. परभणी

उत्तर : आधी तुझ्या मैत्रिणीचं. तिने जे सांगितलं ते मी दरवर्षी ऐकते आणि ते साफ चूक आहे. एसटीच्या आरक्षणाच्या खिडकीवर तुझा नंबर आलाय असं समज. तू आधी खिडकीची जागा मागितलीस, ती गेलेली होती, मग मधली मागितलीस. एवढ्या बोलण्यात तुझ्या मागचा माणूस पुढे घुसतो का? प्रवेशाचा संगणकही असाच चालतो. तुझ्या वरच्या गुणवत्ता क्रमांकांच्या जागा ठरल्या की तुझी पाळी येते. तुझी पहिली पसंती उघडली जाते, तुला चालेल अशी जागा तिथे शिल्लक असेल तर दिली जाते, नसेल तर दुसरी पसंती, मग तिसरी. तू केईएम पहिलं लिहिलंस म्हणून नांदेडची तुझी जागा मागच्या मुलीला जात नाही, कारण तिची पाळी अजून आलेलीच नसते. तेव्हा शेठ जी. एस. मेडिकल कॉलेज, केईएम, परळ, खुशाल एक नंबरला लिही. १९२६ पासून उभ्या असलेल्या त्या कॉलेजची इच्छा धरायला पैसे पडत नाहीत.

महाग पडते ती याच्या उलट चूक. माझ्या भाच्याच्या वेळची गोष्ट. नेट कॅफेवाल्या पोराने त्याला सल्ला दिला, 'जास्तीत जास्त भरा, भरायला काय जातंय!' त्याने भरली. त्यात एक कॉलेज असं होतं की जिल्हा नकाशात शोधायला आम्हाला दोन मिनिटं लागली. नेमकं तेच लागलं. घरात रडारड. मी विचारलं, 'लिहिलंस कशाला?' तर म्हणे, 'मावशी, यादी रिकामी बरी दिसत नव्हती.' शेवटी तो तिथे गेला, शिकला, आज चांगलं काम करतोय. पण ते पहिलं वर्ष त्याने कुढत काढलं, आणि त्याला न आवडणारी ती जागा खाली कुणीतरी देवाकडे मागत बसलेलं होतं. म्हणून हे कर. यादी लिहून झाली की खालून वर वाचत ये आणि प्रत्येक नावापाशी स्वतःला विचार, 'उद्या हेच लागलं तर ट्रंक भरून जाईन का?' उत्तर नाही असेल तर ते नाव खोडून टाक. पण 'सरकारी एमबीबीएस कुठेही मिळालं तरी जाईन' असं खरंच वाटत असेल, तर नंदुरबार, गोंदियापासून सिंधुदुर्गापर्यंत सगळं लिही. मग यादी लांब झाली तरी बिघडत नाही.

आता सरांची छापील यादी. सर वाईट नाहीत. दीडशे मुलांना चार दिवसांत यादी करून द्यायची तर दुसरं काय करतील? त्यांनी मागच्या वर्षीचे कटऑफ काढले, चढत्याचे उतरते लावले आणि झेरॉक्स मारली. पण कटऑफचा क्रम म्हणजे मागच्या वर्षीच्या मुलांना कुठे जावंसं वाटलं त्याची नोंद. तिथे शिकवतात कसं, हे त्यात कुठेच नसतं. मुंबईचा कटऑफ वर राहतो त्यात केईएमच्या आणि जे. जे.च्या रुग्णालयांचा वाटा आहेच, पण मुंबईचाही आहे. तुला समुद्रकिनारा नको असेल तर त्याची किंमत गुणांत का मोजायची?

आणि गुणांवर तर अजिबात जाऊ नकोस, रँक बघ. २०२४ ला सुधारित निकालानंतरही देशात १७ मुलं ७२० पैकी ७२० वर होती. २०२५ ला देशात पहिल्या आलेल्या मुलाला ६८६ गुण होते. शेजारशेजारची दोन वर्षं, तीच परीक्षा. 'अमक्या कॉलेजला इतके गुण लागतात' असं कुणी ठासून सांगू लागलं की त्याला विचार, कुठल्या साली? राज्याचे प्रवेश करणाऱ्या सीईटी सेलच्या मागच्या दोन वर्षांच्या निवड याद्या उघड आणि तुझ्या प्रवर्गात, मुलींच्या जागांवर, शेवटचा राज्य गुणवत्ता क्रमांक किती गेला ते बघ. शक्यतेचा अंदाज त्यावरून येतो. पण तो अंदाज मनाची तयारी करण्यापुरता ठेव, क्रम ठरवताना तो बाजूला.

काकांचं म्हणणं मी जरा सबुरीने घेते, कारण त्यांच्या मनात बहुधा जुना नियम आहे : पुण्याचं सरकारी कॉलेज मराठवाड्याच्या मुलीला मिळणं कठीण. आपल्याकडे ७०:३० अशी विभागवार वाटणी होती. मराठवाड्यातल्या कॉलेजांत ७० टक्के जागा मराठवाड्याच्या मुलांना, विदर्भात विदर्भाच्या, उरलेल्या महाराष्ट्रात तिकडच्या. ती सप्टेंबर २०२० मध्ये गेली. आता राज्यभर एकच गुणवत्ता यादी. तुला पुण्याचं दार आधीपेक्षा मोकळं आहे आणि नांदेडच्या जागेसाठी नाशिकची मुलगीही रांगेत आहे.

राहिलं खासगीचं. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांच्या आतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क राज्य भरतं, केंद्रीभूत प्रक्रियेतून प्रवेश घेतला असेल तर. खासगी कॉलेजातही ते लागू आहे, म्हणून काका म्हणतात त्यात तथ्य आहे. पण हॉस्टेल, मेस, अनामत आणि इतर नावांची शुल्कं तुमच्याच खिशातून जातात. कॉलेजात फोन करून 'शिक्षण शुल्क सोडून पहिल्या वर्षी रोख किती?' एवढं एकच वाक्य विचारा आणि उत्तर कागदावर मागा. आणि माझी खरी अडचण वेगळीच आहे. वैद्यकशास्त्र पेशंटकडून शिकायचं असतं. जिथे खाटेवर पडायला पैसे लागतात तिथे खाटा रिकाम्या राहण्याचा धोका असतो. सगळीकडे तसं नाही. काही खासगी रुग्णालयांत सरकारीसारखी झुंबड असते, तशी दिसली तर त्याला जरूर वर घे. पण बघितल्याशिवाय नाही.

बघणं म्हणजे काय, ते सांगते. तुझ्याकडे चार दिवस आहेत, त्यातले दोन मला दे. परभणी, नांदेड, आंबेजोगाई तिन्ही तुझ्या टप्प्यात आहेत. बाबांना घेऊन जा, पण अधिष्ठात्यांना भेटू नका. ते चहा पाजतील आणि छापील माहिती देतील. सोमवारी सकाळी नऊला केसपेपरच्या खिडकीपाशी उभी राहा. रांग बघ. कुठून आलेत माणसं? शहरातल्या शहरातून, की तीन तालुके ओलांडून? मग दुपारी चार-पाचला वॉर्डातून एक चक्कर मार. सकाळी राउंडच्या वेळी कुठलाही वॉर्ड जिवंत वाटतो, खरी गोष्ट दुपारी दिसते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या निकषांत वर्षभर ८० टक्के खाटा भरलेल्या हव्यात असं लिहिलंय. तू पाचपैकी चार खाटांवर माणूस दिसतो का एवढं मोज. नातेवाईक जेवणाचे डबे घेऊन जमिनीवर बसलेले असतील तर तुला तिथली गैरसोय जाणवेल, मला तिथला शिकवणारा वर्ग दिसेल. दोन्ही खरं आहे.

त्यानंतर कॅन्टीनला जाऊन इंटर्न शोध. डोळे लाल, ॲप्रन मळका, समोर थंड झालेला चहा, लगेच ओळखू येतील. त्यांना 'कॉलेज कसं आहे' विचारू नकोस, त्याला उत्तर नसतं. विचार : शेवटची सलाईन कधी लावलीस? टाके स्वतः घातलेस का? प्रसूती किती केल्यास, की नुसत्या बघितल्यास? नवीन कॉलेजात इंटर्न भेटणार नाहीत. परभणीची पहिली तुकडी २०२३ ची, ती इंटर्नशिपला पोचायला २०२८ उजाडेल. तिथे वरच्या वर्गातल्या मुलींना विचार : शवविच्छेदनाच्या टेबलाभोवती एका देहामागे किती जण उभे राहता? मागच्या आठवड्यात वेळापत्रकातले किती तास खरोखर झाले? तीन मुलींना वेगवेगळं विचारलंस तर उत्तरं आपोआप पारखली जातात.

आणि हॉस्टेल. पाणी किती वाजता येतं ते विचारशीलच. त्याच्याबरोबर हेही विचार : वाचनालयातून रात्री अकराला खोलीवर येताना रस्त्यावर दिवे आहेत का? रात्रपाळीला वॉर्डाजवळ मुलींना पाठ टेकायला स्वतंत्र खोली आहे का, आणि तिला आतून कडी लागते का? ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याला रात्रपाळीवरच्या डॉक्टर मुलीचं जे झालं त्यानंतर हा प्रश्न विचारताना लाजायचं कारण नाही. आमच्या वेळी आम्ही विचारला नाही. मी इंटर्न असताना लेबर रूमच्या मागे कपाटांच्या आडोशाला सतरंजीवर झोपायची आणि दाराला स्टूल लावायची.

पेशंट पेशंट का करते आहे म्हणशील, तर माझीच एक रात्र सांगते. इंटर्नशिपचा दुसरा आठवडा. फवारणीचं औषध प्यायलेला एक माणूस बैलगाडीतून आणला. तोंडाला फेस, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. ॲट्रोपिन द्यायचं हे मला पाठ होतं, परीक्षेत त्यावर पूर्ण गुण मिळाले होते. पण हात उचलेना. रेसिडेंट दुसऱ्या पेशंटमध्ये अडकलेला. तेव्हा वॉर्डातल्या जुन्या सिस्टरने माझ्या हातात सिरिंज दिली आणि म्हणाल्या, 'द्या मॅडम, आणि छातीला कान लावा. छाती कोरडी होईपर्यंत देत राहायचं.' पहाटेपर्यंत आम्ही दोघी त्याच्या उशाशी होतो. तो वाचला. त्या हंगामात असे पेशंट मी इतके बघितले की पुढे हात थरथरायचा थांबला. पुस्तक सगळ्या कॉलेजांत एकच असतं गं. त्या रात्री मात्र सगळीकडे मिळत नाहीत.

नव्या कॉलेजांना लोक सरसकट नावं ठेवतात, तेही मला पटत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यात एका दिवशी १० सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं, जालना, हिंगोली, वाशीम, बुलढाणा, गडचिरोली वगैरे. त्यांच्यामागे जी जिल्हा रुग्णालयं आहेत ती नवीन नाहीत. तिथली गर्दी कॉलेजच्या पाटीआधीची आहे. शिवाय जिथे पदव्युत्तर विद्यार्थी कमी किंवा नाहीतच, तिथे इंटर्नच्या हाताला काम जास्त मिळतं. २५० जागांच्या मोठ्या कॉलेजात एका पेशंटभोवती तीन रिंगणं होतात आणि एमबीबीएसची पोरं तिसऱ्या रिंगणात टाचा उंचावून उभी असतात, हे मी रोज बघितलंय. नव्या ठिकाणी उणीव असते ती वेगळी. अध्यापकांची पदं भरलेली नसतात, आणि सीनियर नसतात. वैद्यकीय कॉलेजात निम्मं शिक्षण वरच्या वर्षाची पोरं रात्री हॉस्टेलच्या गॅलरीत देतात. कुठल्या पुस्तकातलं काय सोडायचं, कुठल्या सरांना व्हायवात काय विचारायची सवय आहे, वर्ग बुडवला तर कुठला बुडवायचा. पहिल्या तुकडीला हे सांगायला कुणी नसतं.

तर तुझ्या तिघांचा क्रम. तू काही बघणारच नसशील आणि मलाच लिहायला लावशील, तर मी नांदेड आणि आंबेजोगाई परभणीच्या वर लिहीन, कारण दोन्हीकडे विभाग रुळलेले आहेत, सीनियर आहेत, पदव्युत्तर शिक्षण आहे. त्या दोघांत? नांदेडचं विष्णुपुरीचं रुग्णालय शहराच्या आणि शेजारच्या तेलंगणाच्या वाटेवर आहे. आंबेजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालय ग्रामीण भागासाठी म्हणूनच काढलेलं आहे, गाव लहान, मन रमवायला योगेश्वरी आणि मुकुंदराजांची समाधी, बस. काही मुलांचा अभ्यास अशा गावात होतो, काहींना महिन्याभरात गुदमरायला होतं. तू लातूरला खोली घेऊन राहिलेली आहेस, तुला तुझा स्वभाव माहीत आहे. ते मला परभणीचं पत्र वाचून कळणार नाही. मात्र परभणीला पुण्याच्या न बघितलेल्या खासगीच्या वर ठेवीन, काकांना माझा नमस्कार सांगून.

बाबांनी सांगितलेलं छत्रपती संभाजीनगर, म्हणजे आपली घाटी, १९५६ चं. या तिघांच्याही वर ते असायला माझी हरकत नाही, आणि त्याला आत्या हे कारण लागत नाही. तिथे लागलं तर राहायचं मात्र हॉस्टेललाच. आत्या कितीही प्रेमळ असली तरी रात्री बाराला 'केस आलीय, बघायला चल' असं सांगायला ती येत नाही. आईला सांग, परभणी लागलं तर दर शनिवारी घरी येणार नाही हे आत्ताच कबूल करून घे. रविवारची कॅज्युअल्टी चुकवून घरी धुणं घेऊन जाणारी मुलं मी खूप पाहिली.

दोन व्यवहाराच्या गोष्टी. ही यादी राज्याच्या ८५ टक्के जागांची. सरकारी कॉलेजांतल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून दिल्लीची एमसीसी (केंद्राची वैद्यकीय समुपदेशन समिती) भरते, एम्सच्या सगळ्या जागाही तीच. तिची नोंदणी वेगळी, यादी वेगळी. नागपूरच्या एम्ससाठी तरी ती भर. तिथे पहिल्या फेरीत मिळालेली जागा नको असेल तर सोडता येते, दुसऱ्या फेरीत सोडली तर अनामत जाते, आणि उरलेल्या जागांच्या शेवटच्या ('स्ट्रे') फेरीत मिळालेली जागा घेतली नाही तर पुढच्या वर्षी नीटलाच बसता येत नाही. परराज्यातलं नाव लिहिण्याआधी त्या राज्याच्या बंधपत्राचा कागद वाच. आपल्याकडे सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झालं की एक वर्ष शासनाची सेवा करायची असते. ती शिक्षा समजू नकोस. विंचूदंशावर जगाने वाचलेलं काम डॉ. हिंमतराव बावस्करांनी रायगड जिल्ह्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सुरू केलं होतं. आणखी एक बघून ठेव. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पदव्युत्तर वैद्यकीय जागांतलं रहिवासावरचं आरक्षण घटनाबाह्य ठरवलं, पण ज्या संस्थेत एमबीबीएस केलं तिथल्या मुलांना काही जागांत प्राधान्य देता येतं असंही म्हटलं. म्हणजे आज निवडलेलं ठिकाण साडेपाच वर्षांनी पुन्हा तुझ्या फॉर्मवर येईल.

दुसरी गोष्ट, जातवैधता आणि नॉन-क्रिमीलेअर. दुसऱ्याची मुदत ३१ मार्चला संपते, जुनं असेल तर आजच तहसीलला जा. यादी कितीही छान लिहिलीस तरी या कागदाविना तुझा प्रवर्ग गृहीत धरत नाहीत. आणि फॉर्म शेवटच्या रात्री भरू नकोस, सर्व्हर झोपतो.

प्रश्न : मुलाला सरकारी एमबीबीएस मिळण्याइतका रँक नाही. अभिमत विद्यापीठात मिळू शकेल. दोन एकर बागायत विकायची तयारी आहे. एक ओळखीचा माणूस म्हणतो, आत्ता पाच लाख द्या, चांगल्या कॉलेजात जागा धरून ठेवतो. कुठली तीन-चार कॉलेजं निवडावीत? मुलगा म्हणतो तुम्ही सांगाल ते. धाकटी अकरावीला आहे, तीही सायन्सला.
— एक शेतकरी, जि. सांगली

उत्तर : पाच लाख देऊ नका. पत्र इथेच ठेवून त्या माणसाला तसं कळवा आणि मग पुढचं वाचा. अभिमत विद्यापीठांच्या एमबीबीएसच्या जागा एमसीसीच्या फेऱ्यांतून, नीटच्या क्रमाने भरतात. जागा धरून ठेवण्याची सोय कुणाकडेच नाही. मुलाला त्याच्या रँकवर जागा लागली तर हा म्हणेल 'मी लावली', नाही लागली तर फोन बंद.

आता हिशोब. राज्यातल्या अनेक अभिमत विद्यापीठांचं शुल्क वर्षाला २० लाखांच्या पुढे आहे. २५ धरा. साडेचार वर्षांचे एक कोटी साडेबारा लाख, हॉस्टेल-मेस वेगळं. एवढं झाल्यावर इंटर्नशिप, तिचं विद्यावेतन सरकारी कॉलेजात महिन्याला १८ हजार आहे, खासगीत कॉलेजागणिक बदलतं. मग नुसतं एमबीबीएस कुणाला पुरत नाही, म्हणून पदव्युत्तरची परीक्षा, आणि तिथे पुन्हा शुल्काचा प्रश्न. दोन एकर पहिल्या टप्प्यात संपतात. दुसऱ्या टप्प्याला तुमच्याकडे काय असेल?

धाकटीचं तुम्ही शेवटी एका ओळीत लिहिलंय. मी त्या ओळीवर थांबले. दोन वर्षांनी तिचा निकाल येईल तेव्हा बागायत नसेल. जमीन विकण्याआधी तिला समोर बसवून हा हिशोब सांगा, आणि मुलाला तर सांगाच. 'तुम्ही सांगाल ते' म्हणणाऱ्या मुलाला एक कोटीचा आकडा बहुतेक माहीतच नसतो. त्याला हवं असेल तर एक वर्ष पुन्हा नीट देऊ दे, पण या वेळी कुठला विषय कच्चा होता हे तो स्वतः सांगू शकला तरच. तसं सांगता येत नसेल तर बीएएमएस, पशुवैद्यक, फिजिओथेरपी यांचे फॉर्म भरा. शेतकऱ्याच्या घरात पशुवैद्यकाला कमी का लेखतात हे मला आजवर कळलेलं नाही.

एवढं करूनही अभिमतच ठरलं, तर एमसीसीकडे दोन लाखांची अनामत भरावी लागते. 'बघू तरी लागतं का' म्हणून दुसऱ्या फेरीत नावं लिहू नका. लागलं आणि गेला नाहीत तर ती अनामत जाते. आणि कॉलेजं मी सुचवणार नाही. वरच्या मुलीला सांगितलं तसं दुपारी पाच वाजता वॉर्डातून फिरून या. एक कोटी देण्याआधी गाडीभाड्याचे दोन हजार जास्त नाहीत.

प्रश्न : मला सेवाग्रामचं कॉलेज पहिल्या तीनांत लिहायचंय. घरचे म्हणतात, तिथे खादी घालावी लागते, मांसाहार नाही, पोरं हसतील. रँकप्रमाणे दुसरीकडेही मिळू शकतं. काय करू?
— एक विद्यार्थी, जि. यवतमाळ

उत्तर : पोरं कशी हसतील, सगळ्यांनीच खादी घातलेली असते.

महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये काढली, जागा १०० आणि त्यातल्या निम्म्या महाराष्ट्राबाहेरच्या मुलांना. पहिले पंधरा दिवस आश्रमात शिबिर, पुढे प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते आणि तिथल्या घराघरांत जाते. मी शिकवत असलेला विषय आमच्याकडची मुलं शेवटच्या बाकावर झोपून पास करायची. सेवाग्रामची मुलं तो विषय गावात चालत शिकतात, त्यामुळे माझं मत सरळ नाही हे धरून चाल. नियम मात्र खरेच कडक आहेत. तंबाखू, दारू नाही, मटण सुट्टीत घरी. ते न जमणारा मुलगा तिथे गेला तर पाच वर्षं लपवाछपवीत जातात, मग त्याने न लिहिलेलं बरं. तुझ्या पत्रात 'मला लिहायचंय' आहे आणि 'घरचे म्हणतात' आहे. फॉर्मवर पसंती उमेदवाराची विचारली आहे.

दोन जोड जास्त ने. खादी वाळायला वेळ लागतो.